लोणावळ्यातील एक मोजमाप

१/४
मावळातील लोणावळ्यात १९२४ मध्ये जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी ‘कैवल्यधाम’ स्थापन केले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. ज्या परंपरेत ते वाढले, तीच त्यांनी प्रयोगाच्या कसोटीला लावली.

२/४
हठयोगातील बस्तिक्रियेत पाणी गुदमार्गाने वर चढते. ते कशामुळे? नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, असे दाबमापकाने दाखवले. या स्थितीला कुवलयानंदांनी आपले गुरू परमहंस माधवदासजी यांचे नाव दिले.

३/४
हे काम एकट्या आतड्याचे नव्हे. उच्छ्वासानंतर वर गेलेले श्वासपटल आणि पुढे ताणलेले पोटाचे स्नायू यांच्या मेळातून दाब उतरतो. आतडे सुटे तपासून हे उत्तर मिळाले नसते.

४/४
शंभर वर्षांनी हाच प्रश्न पेशीच्या पातळीवर उभा आहे. प्रोटिओमिक्स पेशीतील प्रथिने ओळखते, मोजते. त्यांचे परस्परसंबंध प्रणाली जीवशास्त्र उलगडते. प्रथिनांची यादी म्हणजे पेशीचे आकलन नव्हे. आणि मोजल्यावाचून मांडलेला ‘समग्र’ विचार म्हणजे विज्ञान नव्हे, हे लोणावळ्याने तेव्हाच ओळखले होते.