वैदर्भी : विदर्भाच्या नावाची काव्यरीती

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीचा शाळकरी विद्यार्थी उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांच्या व्याख्या पाठ करतो आणि परीक्षेत गुण मिळवतो. काव्यशास्त्रात 'गुण' या शब्दाला निराळा अर्थ आहे आणि त्या शास्त्रातील एका मूलभूत संकल्पनेला त्याच्याच प्रदेशाचे नाव आहे, हे मात्र त्याला सहसा कुणी सांगत नाही. ती संकल्पना म्हणजे वैदर्भी रीती.

रीती म्हणजे पदरचनेची विशिष्ट धाटणी. 'मेघमुक्तगगनप्रखरकिरणस्पर्शविकसितकार्पासवन' असे लिहिले, तर ती समासांनी लादलेली गौडी धाटणी झाली. 'ढग सरले, ऊन पडले आणि कापूस फुटला' हे वैदर्भीच्या जवळचे. समास थोडे किंवा मुळीच नाहीत, वर्ण मृदू आणि अर्थ ऐकताक्षणी मनात उतरणारा. या शेवटच्या गुणाला शास्त्रकार 'प्रसाद' म्हणतात.

दंडीने 'काव्यादर्शा'त श्लेष, प्रसाद, समता, माधुर्य असे दहा गुण सांगून ते वैदर्भ मार्गाचे प्राण ठरवले. इ. स. ८०० च्या सुमारास काश्मिरातील वामनाने रीती हाच काव्याचा आत्मा मानला. वैदर्भीत सर्व गुण, गौडीत ओज व कांती, तर पांचालीत माधुर्य व सौकुमार्य, अशी त्याची वाटणी आहे.

या नावाभोवतीची सर्वांत रम्य कथा राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रागावून घराबाहेर पडतो. त्याला वश करण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते. ती त्याच्यामागे देशोदेशी फिरते. पूर्वेकडे तो फारसा बधत नाही. त्याच्या तोंडून लांबलचक समासांची गौडी निघते. पांचालात मन थोडे वळते, तेव्हा पांचाली. दक्षिणेत तो पुरता वश होतो आणि सहज वैदर्भी बोलू लागतो. दोघांचा विवाह होतो विदर्भातील वत्सगुल्म नगरात. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे वत्सगुल्म म्हणजे यवतमाळला लागून असलेल्या जिल्ह्याचे आजचे वाशीम. वऱ्हाडी माणसाने हरखून जावे अशीच ही गोष्ट आहे.

मात्र हरखण्यापूर्वी थोडे थांबावे. ही शैली विदर्भात आढळली म्हणून तिला ते नाव पडले, काव्याला भूमीचा काही उपयोग होत नाही, असे खुद्द वामनच सांगतो. कुंतक त्याच्याही पुढे जातो. मामेबहिणीशी विवाह हा देशाचार असू शकतो. काव्यरचना तशी देशावर अवलंबून नसते, कारण ती कवीच्या स्वभावातून येते, असा त्याचा युक्तिवाद आहे. म्हणून त्याने प्रदेशांची नावे टाकून सुकुमार, विचित्र आणि मध्यम असे मार्ग मानले.

नाटककार भवभूतीचे उदाहरण येथे बोलके आहे. त्याच्या घराण्याचे पद्मपूर विदर्भातले, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळच्या पद्मपूरशी जुळवले. तरीही 'मालतीमाधव'मध्ये या वैदर्भीय कवीचे प्रदीर्घ समास वाचकाची दमछाक करतात. उलट ज्याच्या जन्मस्थानाबद्दल अजून वाद आहे, तो कालिदास वैदर्भीचा आदर्श ठरला आहे.

महाभारताच्या वनपर्वात नलकथा येते. तिची नायिका दमयंती विदर्भराजाची कन्या, म्हणून तीही 'वैदर्भी'. श्रीहर्षाने 'नैषधीयचरिता'त नेमका हाच धागा पकडला. हंस दमयंतीच्या गुणांची स्तुती करतो, तेव्हा 'वैदर्भी' आणि 'गुण' या दोन्ही शब्दांना राजकन्येचा एक आणि रीतीचा दुसरा असे दोन अर्थ लागतात. रीती ठाऊक नसलेल्या वाचकाला त्या श्लोकात केवळ एका सुंदर मुलीचे कौतुक दिसते.