किराणा खरेदीच्या दोन तऱ्हा

करोना साथीत राज्यातील किराणा दुकाने सरसकट बंद नव्हती; बदलत गेल्या त्या त्यांच्या वेळा. २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी लागू होताच दुकानांपुढे झुंबड उडाली. गर्दी विभागली जावी, म्हणून दुसऱ्याच दिवशी राज्य सरकारने जीवनावश्यक वस्तूंची दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्यास मुभा दिली. ग्राहकांत अंतर राहावे, यासाठी दुकानांबाहेर खडूने चौकोन आखले गेले.

दुसऱ्या लाटेत मार्ग नेमका उलटा होता. २० एप्रिल २०२१ च्या आदेशानुसार दुकाने केवळ सकाळी ७ ते ११ या वेळेत उघडी राहिली. घरपोच सेवेस रात्री ८ पर्यंत परवानगी होती. नागरिकांनी घराबाहेर पडूच नये, हा हेतू. मात्र सर्वांची खरेदी चार तासांत एकवटली.

फोनवरून यादी धाडून महिन्याचा किराणा भरणाऱ्यांचे त्यात निभावले. रोजच्या मजुरीतून संध्याकाळी पावशेर तेल, किलोभर तांदूळ नेणाऱ्यांची पंचाईत झाली. मजुरी हाती येई, तेव्हा दुकान बंद असे. ७ जून २०२१ पासून पाच स्तरांची पद्धत आली आणि संसर्ग कमी असलेल्या जिल्ह्यांत वेळा पूर्ववत झाल्या.