तृणमण्यांतील सोंडकिडा

कॉटन ग्रीन हें स्टेशनाचें नांव वाचून एखाद्या नवख्यास कापसाचें हिरवें शेत दिसण्याची आशा वाटली, तर त्यांत त्याचा दोष नाहीं. मूळचें कॉटन ग्रीन कोटांत, टाऊन हॉलासमोरील मैदानांत होतें. १८४४ सालीं कापसाचा तो बाजार कुलाब्यास गेला, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत समुद्र हटवून केलेल्या शिवडीकडील भरावावर आला. हिरवळ जागींच राहिली; नांव तेवढें बरोबर आलें. कापूस व धान्य यांच्या गोदामांचा हा भाग वसला, तेव्हां त्यांच्या मागोमाग येणाऱ्या एका क्षुद्र प्राण्याची धास्तीही येथें आली. तो प्राणी म्हणजे सोंडकिडा.

अमेरिकेंत कापसाच्या बोंडांत शिरून पिकाचा सत्यानाश करणारी याची एक जात आहे. ती गांठींबरोबर इकडे येऊं नये म्हणून, १९१४ च्या कीटकविषयक कायद्यान्वयें, अमेरिकन कापूस मुंबई बंदरांतच उतरवावा व त्यास विषारी वायूची धुरी द्यावी असा नियम झाला. ती जात हिंदुस्थानांत वसली नाहीं. तांदळांतील सोंडे मात्र कोणत्याही कायद्याची वाट न पाहतां केव्हांच आमच्या घरांत शिरले होते. सुपांत तांदूळ घेऊन बसणाऱ्या प्रत्येक गृहिणीस त्यांची ओळख असते. लिनियसनें १७६३ सालीं त्यांस लॅटिन नांव दिलें, एवढेंच. मादी सोंडेनें दाण्यास भोंक पाडते, त्यांत अंडें घालते व तें भोंक बेमालूम बुजवते. पुढें अळी दाणा आंतून खाते आणि किडा होऊन बाहेर पडते. म्हणून ऊन दाखवलेल्या, निवडलेल्या तांदळांतही महिन्याभरानें सोंडे दिसतात.

मुंबईच्या तांदळाचा मोठा वांटा एके काळीं ब्रह्मदेशांतून येत असे. १९४२ सालीं जपाननें तो देश घेतला, तांदूळ थांबला आणि १९४३ मध्यें मुंबईस रेशनिंग सुरू झालें. त्याच ब्रह्मदेशाच्या उत्तरेस, काचीन प्रांतांतील हुकाँगच्या दरींत, तृणमण्याच्या खाणी आहेत. तृणमणि म्हणजे झाडाची राळ, युगानुयुगें जमिनींत राहून दगडासारखी झालेली. घासल्यावर ती गवताची काडी ओढते, म्हणून हें नांव. (कित्येकजण यास अंबर म्हणतात, पण अत्तरवाल्यांचें अंबर देवमाशाच्या पोटांतलें, त्याचा याच्याशीं संबंध नाहीं.)

या खाणींचा शास्त्रीय इतिहास राजकीय इतिहासाशीं जखडलेला आहे. १८८५ सालीं इंग्रजांनीं थिबा राजास पदच्युत केलें व पुढें रत्नागिरीस आणून ठेवलें. त्याचा वाडा तेथें आजही उभा आहे. राज्य खालसा झाल्यावर कांहीं वर्षांतच भूगर्भ खात्याचे नोट्लिंग यांनीं तिकडील तृणमण्याची पाहणी केली. पुढें मंडाले येथील स्विन्हो या गृहस्थांनीं किडे असलेले खडे जमवून अमेरिकेंत कोलोरॅडोच्या प्रोफेसर कॉकरेल यांजकडे पाठविले. त्यांवरील कॉकरेल यांचा पहिला निबंध १९१६ सालीं निघाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत थिबा रत्नागिरीस वारला. त्याच्या राज्यांतले ते खडे आतां लंडनच्या संग्रहालयांत आहेत.

नोट्लिंग यांनीं हा तृणमणि मायोसीन युगांतला, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबानें अलीकडचा ठरविला होता. कॉकरेल यांस किड्यांची ठेवण पाहून शंका आली; हे किडे फार जुने, कदाचित् क्रिटेशस युगांतले असावेत, असें त्यांनीं म्हटलें. २०१२ सालीं तेथील खडकांतल्या झिरकॉन स्फटिकांवरून काल काढला गेला, तो सुमारे ९ कोटि ९० लक्ष वर्षांचा आला. किड्यांची साक्ष खरी ठरली.

याच दरींतल्या एका खड्यांतील सोंडकिड्यास २००६ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ पॉइनर यांनीं मेसोफायलेटिस कॅलहूनी असें नांव दिलें. नवी जात तर खरीच, पण तिच्याकरितां नवें कुलांगही निर्माण करावें लागलें. असलें वर्णन करणें हें चिकाटीचें काम आहे. खडा घासून त्यास सपाट तोंड आणतात, कित्येकदां तेलांत बुडवून पृष्ठभागाची चमक मारतात, मग सूक्ष्मदर्शकाखालीं एकेक अवयव मोजतात: सोंड किती लांब, तिच्यावर शृंगिका कोठें बसली आहे, ती सरळ कीं कोपरासारखी मोडलेली, पायाचे सांधे किती, नख्या कशा. राळेंत बुडबुडा किंवा भेग आडवी आली, तर तेवढी बाब कोरी सोडावी लागते. शेवटीं एक नमुना प्रमाण म्हणून ठरवितात आणि जातीचें नांव त्या एका खड्यावर टांगलें जातें. ज्या काळीं भात नव्हतें, कापूस नव्हता, मनुष्य तर नव्हताच, त्या काळीं फुलझाडें नुकतीं पसरूं लागलीं होतीं आणि सोंड तयार होती, हें त्या खड्यानें कळतें.

वर्णनांत खाणीचें ठिकाण काळजीपूर्वक लिहितात. खडा कोणीं व कोणत्या परिस्थितींत खणला याविषयीं मात्र बहुधा मौन असतें, आणि आमच्या मतें हें मौन शास्त्रास शोभत नाहीं. ब्रह्मदेशाच्या कायद्यानें जीवाश्म परवान्यावांचून बाहेर नेतां येत नाहीं; परंतु तृणमणि रत्न गणला जात असल्यानें त्याच्या पोटांतला जीवाश्म रत्नाच्या नांवाखालीं सीमा ओलांडतो. काचीनमधील लढाईंत २०१७ सालीं सैन्यानें या खाणी ताब्यांत घेतल्या. त्या विक्रीच्या पैशावर युद्ध पोसलें जातें असा आक्षेप आला, आणि २०२० मध्यें पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या संस्थेनें, २०१७ च्या जूननंतर बाहेर पडलेल्या खड्यांवरील निबंध छापूं नयेत, अशी नियतकालिकांस विनंती केली. यावर, मग ज्ञान थांबवावयाचें काय, असें विचारलें जातें. सुरत जिल्ह्यांतील वस्तान येथें लिग्नाइटच्या खाणींत सुमारे ५ कोटि वर्षांपूर्वींचा तृणमणि मिळतो. त्यांतील ७०० हून अधिक कीटकादि प्राण्यांचा वृत्तान्त २०१० सालीं लखनौ, बॉन व न्यूयॉर्क येथील शास्त्रज्ञांनीं मिळून दिला. ज्ञान थांबलेलें दिसत नाहीं.

मेसोफायलेटिसचा खडा २०१७ च्या पुष्कळ आधींचा, म्हणून ती हरकत त्यास लागू पडत नाहीं. त्यानंतर वर्णिलेल्या सोंडकिड्यांचे खडे कोणत्या वर्षीं जमिनीबाहेर आले, हें प्रत्येक निबंधांत शोधून पाहावें लागतें.