फुकटचे यजमानपद

गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले आणि टपालाचा घोळ सुरू झाला. गजानन महाराजांचे शेगाव बुलढाणा जिल्ह्यात. इकडची पत्रे तिकडे जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये वर्ध्याकडच्या गावाचे नावच ‘सेवाग्राम’ झाले. गाव होते तिथेच राहिले, पत्ता बदलला.

मराठीत ‘पत्ता’ म्हणजे ठिकाणा, आणि मागमूसही. म्हणून हरवलेल्याचा पत्ता लागतो, किंवा तो बेपत्ता राहतो. इंटरनेटवरच्या चित्रांना हे दोन्ही अर्थ लागू पडतात. सेवाग्रामवरच्या लेखात बापू कुटीचे छायाचित्र घालायचे तर फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते, किंवा दुसऱ्याच्या सर्व्हरवरच्या फाइलीचा नुसता पत्ता लिहून भागवता येते. वाचकाला फरक कळत नाही. पण दुसऱ्या प्रकारात दर वाचकामागे चित्र त्या परक्या सर्व्हरवरून येते, आणि डेटाचा भार त्याच्या माथी बसतो. हे हॉटलिंकिंग. त्याने फाइलीचे नाव बदलले की आपल्या लेखात रिकामी चौकट. काही खट मालक तर त्याच नावाने भलतेच चित्र ठेवून देतात, आणि ते आपल्या लेखात झळकते!

फाइल सांभाळणारा तो ‘होस्ट’. ह्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ यजमान असाही होई आणि पाहुणा असाही. आपला ‘यजमान’ अधिक काटेकोर आहे. यज् धातू उभयपदी. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’, स्वतःसाठी करणारा ‘यजते’. क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असेल तर आत्मनेपद, म्हणजे ‘यजते’सारखे रूप, असा पाणिनीचा नियमच आहे. ‘यजमान’ हे रूप ‘यजते’चे. म्हणजे खर्च त्याचा, दक्षिणा त्याची, पण पुण्यही त्याचेच. मराठीत येईपर्यंत पुण्याचा भाग गळाला. लग्नाचे यजमान, स्पर्धेचे यजमान, आणि ‘आमचे यजमान’ म्हणजे नवरा: तिन्हीकडे खर्च ठळक, फळाची हमी नाही. हॉटलिंक झालेल्या सर्व्हरची गत तर त्याहून वाईट. यज्ञ त्याच्या अंगणात, तूप त्याचे, फळ शेजाऱ्याला. पाणिनीच्या हिशेबाने त्याला यजमान म्हणताच येणार नाही.

असा सर्व्हर स्वतःचा बचाव करतो तो ब्राउझरने पाठवलेल्या ‘रेफरर’ ह्या नोंदीवरून. चित्राची मागणी कुठल्या पानावरून आली ते तीत असते. पान परके दिसले की चित्र नाकारायचे. ह्या नोंदीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘आर’ कमी आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाचे नियम म्हणजे एचटीटीपी; त्याच्या १९९६ च्या दस्तऐवजातही ती चूक तशीच छापली गेली आणि मग कायमची झाली. मराठी शुद्धलेखनावर वाद घालणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावी.

विकिमीडिया कॉमन्स मात्र हॉटलिंकिंगला मज्जाव करत नाही. सेवाग्राम आश्रमाची छायाचित्रे तिथे आहेत. तरी मी म्हणेन, फाइल उतरवून घ्या, आपल्या सर्व्हरवर ठेवा आणि खाली छायाचित्रकाराचे नाव नि परवाना लिहा. उतरवल्याने बिल आपल्याकडे येते, हक्क येत नाही.