घरातले जनित्र आणि खांबावरचा माणूस

नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मुदखेडच्या पुढे उमरी नावाचे स्टेशन लागते. पुष्कळांनी या गावाचे नाव ऐकले असेल ते ३० जानेवारी १९४८ या दिवसामुळे. त्या दिवशी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी येथील बँकेवर छापा घातला होता. ती हकीगत अनेकांनी सांगितली आहे. आज मला सांगावयाचा आहे तो इतिहास त्याहून पुष्कळच शांत आहे; परंतु त्यातही माणसाच्या जीविताचा प्रश्न आहे. उमरीसारख्या गावात आणि तुमच्या शहरातील सदनिकेतही दिवा कोठून येतो, तो गेल्यावर आपण कोणता दुसरा दिवा लावतो, आणि तो लावताना कोणाच्या प्राणाशी आपला संबंध येतो, याचा हा इतिहास आहे.

निजामी राजवटीत वीज प्रथम राजधानीत आली. मराठवाड्यातील बहुसंख्य गावे त्यानंतर कित्येक वर्षे रॉकेलच्या दिव्यावरच होती. यांत्रिक शक्ती म्हणून खेड्याला माहीत होते ते तेलाचे इंजिन. पिठाची गिरणी त्याच्यावर चाले आणि विहिरीचे पाणीही त्याच्यावर उपसले जाई. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वीपणे चालले, आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. त्या काळी ज्याच्या आवारात इंजिन, त्याच्याच आवारात शक्ती, असा सरळ हिशेब होता. पट्टा उतरविला की चाक थांबे. शेजाऱ्याला त्याची बाधा नाही आणि लाभही नाही.

विजेने हा हिशेब पालटला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरडे याने लंडनमध्ये एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून प्रयोग केला. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू करताना आणि बंद करताना दुसऱ्या वेटोळ्यात क्षणभर प्रवाह उत्पन्न होतो, असे त्यास आढळले. दोन्ही वेटोळी एकमेकांस कोठेही चिकटलेली नव्हती. याच कड्याचा विकास होऊन १८८५ साली बुडापेस्ट येथे व्यवहारोपयोगी रोहित्र तयार झाले. आपल्या गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर बसविलेली, जिला सर्वजण डीपी म्हणतात, तेथील तेलाने भरलेली पेटी म्हणजे फॅरडेच्या त्या कड्याचा थोरला वंशज होय. अकरा हजार व्होल्टची वीज तिच्यात शिरते आणि आपल्या घरात येताना तिचा दाब सुमारे दोनशे तीस व्होल्ट होतो.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. रोहित्राला दिशा कळत नाही. जास्त दाबाच्या बाजूने वीज घातली तर ते दाब उतरविते. कमी दाबाच्या बाजूने घातली तर तितक्याच पटीने चढविते. कड्यावरील कोणतेही वेटोळे पहिले धरावे, नियम एकच आहे.

तथापि विजेच्या कारभाराची सारी मांडणी एका दिशेची झाली. मुंबई इलाख्यात खोपोलीचे टाटांचे जलविद्युत्‌केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि घाटावरच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर २० जून १९६० रोजी राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. मराठवाड्यात परळी वैजनाथ येथील औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. केंद्रातून मोठ्या तारांत, तेथून उपकेंद्रात, मग डीपीत, आणि शेवटी घरात, असा विजेचा मार्ग ठरला. घर हे या मार्गाचे अखेरचे टोक. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनची सारी कार्यपद्धती याच समजुतीवर उभी राहिली. मागचा स्विच उघडला म्हणजे पुढची तार मृत झाली, हा त्याचा रोजचा भरवसा.

या भरवशाला तडा गेला तो विजेच्या अभावामुळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली, तेव्हा अंधारात ढिगारे उपसणाऱ्यांना हाताशी असलेल्या उजेडाचे मोल कळले. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली. त्याच सुमारास 'भारनियमन' हा शब्द मराठवाड्यातल्या पोरासोरांच्याही तोंडी बसला. दिवसातून कित्येक तास वीज नाही, ही स्थिती खेड्यांनी वर्षानुवर्षे भोगली. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्रच बंद ठेवावे लागले. कोळशावर चालणाऱ्या केंद्रालाही पाणी लागते, हे त्या वर्षी सर्वांना उमगले. आणि हे केवळ आमच्याच भागाचे भोग, असेही कोणी समजू नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई शहराचा पुरवठा कोलमडला आणि लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

अशा काळात घरोघर पर्यायी साधने आली. कोणी बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर घेतला, कोणी हाताने उचलून नेता येईल असे छोटे जनित्र घेतले. जपानच्या होंडा कंपनीने असे एक सुटसुटीत जनित्र १९६५ साली बाजारात आणले होते. १९८५ साली श्रीराम उद्योगसमूहाच्या सहकार्याने तिची जनित्रे करणारी कंपनी आपल्या देशातही स्थापन झाली. दुकानदार, दवाखाने, मंगल कार्यालये आणि मग सुखवस्तू कुटुंबे यांच्या ओट्यावर ही यंत्रे दिसू लागली. तेलाच्या इंजिनाचा जुना काळ परत आल्यासारखे झाले. भेद एकच, परंतु तो फार मोठा आहे. जुने इंजिन एकटे होते. नव्या जनित्राशेजारी गावभर पसरलेले तारांचे जाळे आहे, आणि घराच्या भिंतीतील तारा त्या जाळ्याला जोडलेल्या आहेत.

येथेच अविचार घडतो. वायरीच्या दोन्ही टोकांना पिना बसवावयाच्या, एक टोक जनित्रात आणि दुसरे भिंतीवरील सॉकेटमध्ये खुपसावयाचे, की सगळ्या घरात उजेड. युक्ती स्वस्त आहे आणि ती शिकविणारे हुशार गृहस्थही प्रत्येक गल्लीत भेटतात. मेन स्विच बंद करावयाचे स्मरण राहिले नाही, तर घरातील वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते, तारेवर जाते आणि डीपीत पोचते. रोहित्राला दिशा कळत नाही, हे आपण पाहिलेच. आपल्या ओट्यावरचे दोनशे तीस व्होल्ट पलीकडे कित्येक हजार व्होल्ट होऊन उभे राहू शकतात. ज्या तारेचा स्विच उघडून लाइनमन निर्धास्तपणे खांबावर चढला आहे, तीच तार मागच्या बाजूने जिवंत होते. लाइनमन याला 'रिटर्न सप्लाय' म्हणतात. या दोन शब्दांनी त्यांच्यातील कित्येकांचे संसार उघडे पाडले आहेत.

कोणी म्हणेल, एवढेसे यंत्र गावाचा भार काय उचलणार? ते गुदमरून बंदच पडेल. हा युक्तिवाद ऐकावयास बरा वाटतो. पण तार जवळच तुटलेली असेल किंवा डीपीचा फ्यूज काढलेला असेल, तर गावाचा भार त्याच्यावर येतच नाही. एक किलोवॅटचे जनित्र चार अँपिअरहून अधिक प्रवाह देते. माणसाचे हृदय बंद पाडावयास एका अँपिअरचा दहावा भागही पुरे होतो. शिवाय यंत्र चालू असताना मूळ पुरवठा परत आला, तर दोन पुरवठ्यांची टक्कर होऊन यंत्र जळते आणि घराला आग लागण्याचा संभव असतो. त्या दुटोकी वायरीची एक पिन सॉकेटमधून निसटली, तर तिचे उघडे पितळ जिवंत असते. घरातल्या मुलाचा हात तेथे पोचावयास वेळ लागत नाही.

कायद्याने याची दखल पूर्वीच घेतली आहे. जनित्र बसविणाऱ्या ग्राहकाने ते सुरू करण्यापूर्वी पुरवठादारास व विद्युत निरीक्षकास कळवावे, असे बंधन भारतीय विद्युत नियम, १९५६ यांत घालण्यात आले होते. त्या नियमांची जागा पुढे २०१० च्या आणि नंतर २०२३ च्या केंद्रीय सुरक्षा विनियमांनी घेतली. परंतु नियम कपाटात असतो आणि वायर हातात असते. यास्तव गृहस्थाने स्वतःच समजून घेणे बरे.

निर्धोक मार्ग दोन आहेत. पहिला अगदी साधा. जनित्र घराच्या तारांना जोडूच नये. चांगल्या जाडीची, तीन तारांची वायर जनित्राच्या सॉकेटपासून थेट दिव्यापर्यंत, पंख्यापर्यंत न्यावी. दुसरा मार्ग चेंजओव्हर स्विचचा. मीटर आणि घरातील बोर्ड यांच्यामध्ये हा स्विच परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून बसवून घ्यावा. त्याचा दांडा एका बाजूस असताना घर कंपनीच्या तारेला जोडलेले असते, दुसऱ्या बाजूस असताना जनित्राला, आणि मध्ये असताना कशालाच नाही. दोन्ही पुरवठे एकदम जोडणे त्याच्या रचनेतच अशक्य केलेले असते. माणसाच्या स्मरणशक्तीवर भिस्त न ठेवण्याची ही खरी युक्ती. फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा स्विच हवा; तीन फेजच्या घरास चार ध्रुवांचा. जनित्रास अर्थिंग किती व कसे द्यावे, हेही त्याच जाणकाराकडून ठरवून घ्यावे.

चालविण्याचा क्रमही ठरलेला असावा. आधी घरातील सर्व बटणे बंद करावीत, मग यंत्र सुरू करून ते स्थिर होऊ द्यावे, नंतर दांडा फिरवावा आणि एकेक उपकरण लावावे. दिवे, पंखे, शीतकपाट यांच्या वॅटांची बेरीज यंत्राच्या शक्तीच्या आत ठेवावी. पेट्रोल भरावयाचे ते यंत्र बंद करून, थंड झाल्यावर.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट संयोग पावतो. १९ व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने याच वायूचा अभ्यास केला आणि खाणीत त्याची चाहूल लागावी म्हणून लहान पक्षी नेण्याचा उपाय सुचविला. आपल्या सदनिकेत पक्षी नाही. म्हणून जनित्र बंद बाल्कनीत, जिन्याखाली किंवा मोटारीच्या खोलीत कदापि चालवू नये. ते उघड्यावर, दारेखिडक्यांपासून निदान वीस फुटांवर असावे.

अलीकडे अनेकांनी छपरावर सौरवीज बसविली आहे आणि त्यांची एक तक्रार असते की, ऊन लखलखीत असूनही लाइट गेली की छपरावरची वीजही बंद पडते. कंपनीच्या तारेला जोडलेल्या यंत्रणेत ही उणीव मुद्दाम ठेवलेली आहे. खांबावर कोणी असेल, या विचाराने ते यंत्र स्वतःच थांबते. जनित्राला मात्र तशी बुद्धी दिलेली नाही. तिच्याऐवजी चेंजओव्हर स्विच आहे, आणि तो बसविण्याचे काम गृहस्थाचे आहे.

वीजकेंद्राच्या अधिकाऱ्यावर जी जबाबदारी असते, तिचा लहानसा अंश, ज्या दिवशी आपण घरात जनित्र आणतो त्या दिवशी आपल्यावर येतो. भर पावसात लाइट गेली म्हणजे आपण यंत्राच्या दोरीस हात घालतो. त्याच घटकेला कोणी एक माणूस आपल्याच गल्लीची तार जोडावयास निघालेला असतो. दोरी ओढण्यापूर्वी स्विचचा दांडा कोठे आहे, तेवढे पाहावे.