लोण्यातल्या भेसळीने दिलेला आकडा

घरी साबण करताना ५०० ग्रॅम खोबरेलाला कॉस्टिक सोडा लागतो सुमारे ९२ ग्रॅम. तेवढ्याच शेंगदाणा तेलाला ६८ ग्रॅम पुरतो. खोबरेलाचं माप चुकून शेंगदाणा तेलाला लावलं, तर २४ ग्रॅम कॉस्टिक वडीत मोकळा राहतो आणि कातडी भाजतो. इतका मोलाचा हा आकडा शोधला गेला तो मात्र लोण्यासाठी.

त्याआधी युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांत लाकडाच्या राखेतून पाणी झिरपवून खार काढत. त्यात अंडं सोडायचं. नाण्याएवढा भाग वर तरंगला की खार जमला. अंडं खाराचा जोर सांगे. समोरच्या चरबीला तो किती लागेल, हे त्याला सांगता येत नसे. मोठ्या कढया लावणाऱ्यांचं त्यावाचून अडलंही नाही. ते खार सढळ हाताने घालत, शेवटी मीठ टाकत. साबण वर येई आणि जादा खार खालच्या पाण्याबरोबर निघून जाई. घरच्या, न उकळता केलेल्या साबणाला ही सोय नाही. भांड्यात पडलं ते सगळं वडीत राहतं.

चरबी म्हणजे मेदाम्लं आणि ग्लिसरीन, हे फ्रान्सच्या शेव्रलने उलगडलं. त्याचा ग्रंथ १८२३ चा. एका आम्लाला त्याने मोत्याच्या ग्रीक शब्दावरून ‘मार्गारिक’ म्हटलं. १८६९ मध्ये मेज-मूरिएसने गुराच्या चरबीपासून लोण्याचा स्वस्त पर्याय काढला आणि त्याच नावावरून तो ‘मार्गारीन’ झाला. लवकरच तसली चरबी लोण्यात मिसळून विकली जाऊ लागली.

ही भेसळ पकडण्याची रीत १८७९ मध्ये क्योट्स्टॉर्फर या रसायनज्ञाने मांडली. चरबी तोलायची, मोजलेल्या कॉस्टिक पोटॅशबरोबर उकळायची, उरलेला पोटॅश आम्लाने मोजायचा. लोण्याच्या एका ग्रॅम चरबीने सुमारे २२७ मिलिग्रॅम पोटॅश खाल्ला. गुराच्या चरबीने १९५ च्या आसपास. लोण्यात लहान साखळ्यांची आम्लं बरीच असतात. रेणू लहान, म्हणून ग्रॅममागे त्यांची संख्या जास्त आणि प्रत्येकाला खाराचा आपला वाटा हवा. आकडा घसरला की भेसळीचा संशय पक्का.

मला या रीतीची सचोटी फार आवडते: चरबीलाच विचारायचं, तुला किती हवं?

चरबीने दिलेल्या या आकड्यालाच आपण साबणीकरण मूल्य म्हणतो. आपल्या कोकणातलं खोबरेलही लहान साखळ्यांचंच. त्याचं मूल्य २५८ च्या आसपास. हे माप पोटॅशचं. सोड्याचा रेणू हलका, म्हणून १.४ ने भागायचं: १८४. म्हणजे ५०० ग्रॅमला ९२. पण खोबरं बदललं की मूल्यही थोडं हलतं, म्हणून जाणते हात पाच टक्के सोडा कमी घेतात. ८७ ग्रॅम तोलतात, तो पाण्यात हळूहळू सोडतात. सोड्यावर पाणी कधीच ओतत नाहीत.