लॅमिंग्टन रोड ते थॉर्नहिल : दोन संगणकांची जुळवाजुळव

सुटे भाग आणून घरी संगणक जुळवण्याचा उद्योग आमच्या घराण्यात दोनदा झाला. पहिल्यांदा मी केला, १९९३ साली डोंबिवलीत. दुसऱ्यांदा माझ्या नातीने, गेल्या हिवाळ्यात, इथे वॉनमध्ये आमच्या मेपलच्या घराच्या तळघरात. माझा कामासाठी होता, तिचा खेळांसाठी, असे मी तिला ऐकवत होतो. ते पूर्ण खरे नव्हते. पण त्याकडे ओघाने येतो.

मुळात संगणक असा बाजारहाट करून जुळवता येतो, याचे श्रेय आयबीएमच्या घाईला द्यावे लागेल. १९८१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपला पीसी बाजारात आणला. तो वर्षभरात तयार करायचा म्हणून प्रोसेसर इंटेलचा, प्रणाली मायक्रोसॉफ्टची, असा बाहेरचाच माल वापरला. आत मोकळ्या खाचा ठेवल्या आणि त्यांत कोणी कोणते कार्ड बसवावे याला आडकाठी ठेवली नाही. पुढे कॉम्पॅक आणि इतरांनी त्याच्या जोड्या काढल्या, तैवानमध्ये सुटे भाग ढिगाने बनू लागले, आणि ते ढीग मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर येऊन पडले. रस्त्याचे नाव केव्हाच डॉ. भडकमकर मार्ग झाले होते; पण कंपनीच्या संगणकाची किंमत ऐकून घाम फुटलेला माणूस लॅमिंग्टन रोडच विचारत येई.

मी गेलो तो वडिलांसाठी. नाना रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. आमच्या कुळाचा वृत्तांत लिहायचा म्हणून त्यांनी देवरुख, राजापूर, बडोदे, इंदूर असे फिरून चिठ्ठ्यांचे चार डबे भरले होते. मराठी संगणकावर उमटवायची तर तेव्हा वेगळे कार्ड लागे. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड. ते पीसीच्या खाचेत बसवले की काळ्या पडद्यावर देवनागरी अक्षरे येत. आज हातातल्या फोनवर मराठी लिहिणाऱ्या नातीला हे सांगितले, तर तिला वाटले मी थट्टा करतोय.

यादी जुळली, पैसे जुळेनात. इथे मी एक लबाडी केली. नानांच्या कामाला साधा कृष्णधवल मॉनिटर पुरला असता. पण ऑफिसात एकाच्या यंत्रावर मी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पाहिला होता, आणि त्या राजपुत्राच्या उड्या रंगीत पाहायच्या होत्या. रंगीत मॉनिटर घेतला. तो खर्च भरून काढायला कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय सर्वांत स्वस्त घेतले. दुकानदार म्हणालाही, ‘साहेब, हा जरा हलका आहे.’ मला ते वजनाबद्दल वाटले. खोकी टॅक्सीने दादरपर्यंत आणि पुढे लोकलने डोंबिवलीला नेली.

नानांनी चौदा महिने दोन बोटांनी टंकलेखन केले. एकेक डबा संपला की चिठ्ठ्या रद्दीत. यंत्रावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. रात्री ते झोपले की मी आणि माझा दहा वर्षांचा मुलगा राजपुत्राला उड्या मारायला लावत असू. ९५ च्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि झटक्याने परत आली. कॅबिनेटमधून फट् असा आवाज आला, जळका वास सुटला. पॉवर सप्लाय जाताना हार्ड डिस्क घेऊन गेला. फ्लॉपीवर प्रत नव्हती. मॉनिटर मात्र शाबूत होता. नानांनी एवढेच विचारले, ‘म्हणजे आता कुठे शोधायचं?’ १९९६ साली ते गेले. मॉनिटरचे खरे कारण त्यांना कधी कळले नाही.

दोन वर्षांनी आम्ही कॅनडात आलो. खेळांसाठी वेगळी कार्डे येण्याचे ते दिवस. १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या थ्रीडीएफएक्सने ‘व्हूडू’ कार्ड काढले होते. त्याला नेहमीची चित्रे काढता येत नसत. नेहमीच्या कार्डातून एक केबल त्याच्यात आणि त्याच्यातून दुसरी मॉनिटरला अशी व्यवस्था होती. मुलाने एक जुने पैदा केले, तेव्हा त्या केबलांशी आम्ही रविवार घालवले आहेत.

या कार्डांच्या इतिहासातला मोठा अध्याय आमच्या घरापासून जवळच घडला, हे मला फार उशिरा कळले. थॉर्नहिलचे यंग स्ट्रीटने दोन तुकडे केले आहेत. पश्चिमेचा वॉनमध्ये, पूर्वेचा मार्कममध्ये. पूर्वेकडे कॉमर्स व्हॅली ड्राइव्हवर एटीआय कंपनीचे कार्यालय होते, त्यामुळे वॉनकरांना हा अभिमान थोडा उसना घ्यावा लागतो. क्वोक युएन हो, ली लाऊ आणि बेनी लाऊ या हाँगकाँगहून आलेल्या मंडळींनी १९८५ साली ती काढली. २००० साली त्यांनी ‘रेडिऑन’ हे नाव आणले, आणि २००२ च्या रेडिऑन ९७०० प्रोने एनव्हिडियाला काही काळ मागे टाकले. २००६ साली एएमडीने ही कंपनी ५४० कोटी अमेरिकी डॉलरना विकत घेतली. पाटी बदलली, रेडिऑन नाव राहिले.

नातीने उन्हाळाभर लहान मुलांना पोहायला शिकवून पैसे साठवले होते. तिने निवडलेले कार्ड रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी, १६ जीबी स्मृतीचे. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी. त्यातली ९६ एमबीची कॅशे खेळांना उपयोगी पडते म्हणे. त्यावर ओंटारिओचा १३ टक्के कर. मी यादीत एकच ओळ शोधत होतो. शेवटी न राहवून म्हणालो, ‘पॉवर सप्लायवर पैसे वाचवू नकोस हं.’

‘आजोबा, कार्डाला ३०४ वॉट लागतात, प्रोसेसरला १२० धरा. बाकीचं धरून पाचशे. मी ८५० चा घेतलाय, चांगल्या कंपनीचा. काचेचं कॅबिनेट रद्द केलं त्यासाठी.’ मग माझ्याकडे पाहून, ‘का हो?’

तेव्हा मी तिला सगळे सांगितले. राजपुत्रासकट. तीस वर्षांत हे कोणाला सांगितले नव्हते. माझा मुलगा पायरीवर उभा राहून ऐकत होता, त्यालाही ठाऊक नव्हते. तो काही बोलला नाही, फक्त स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

यंत्र पहिल्याच फटक्यात सुरू झाले, पण खेळ बैलगाडीच्या चालीने चालेना. बापलेक अर्धा तास सेटिंग धुंडाळत बसले. मी वाकून मागे पाहिले, तर मॉनिटरची केबल कार्डात न लावता मदरबोर्डात लावलेली! प्रोसेसरच आपल्या तुटपुंज्या ताकदीने चित्रे काढत होता आणि ते महागडे रेडिऑन स्वस्थ बसले होते. व्हूडूच्या केबलांशी घातलेले रविवार असे कामी आले.

त्या रात्री खेळ बाजूला ठेवून तिने एक कोरी फाइल उघडली आणि म्हणाली, आठवतील ती नावे सांगा. आतापर्यंत ६३ झाली आहेत. प्रत दोन ठिकाणी ठेवली आहे, एक तिच्या यंत्रावर आणि एक माझ्या कपाटात. बडोद्याची शाखा बरीचशी जुळली. इंदूरची मात्र नानांच्या चुलत्यापाशी अडते. देवरुखाहून इंदूरला गेलेल्या घराण्यांपैकी कोणी वाचक असतील, तर त्यांनी मंडळाच्या चिटणिसांमार्फत मला जरूर कळवावे.